गीझर बिघडण्याआधी मेकॅनिक शोधा : गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

गोव्याला बदली झाली की पुण्या-कोल्हापूरची माणसं सामान आवरताना गीझर भाच्याला देऊन टाकतात. 'तिथे कुठली आली थंडी?' किनाऱ्यापुरतं ते खरं आहे. पणजीत जानेवारीतसुद्धा पारा विशीच्या फार खाली क्वचितच जातो. पण वाळपईकडे, सत्तरीतल्या डोंगराकडेच्या गावांत पहाटे चांगली हुडहुडी भरते. आणि पावसाळ्याचे चार महिने गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेऊन बघा, म्हणजे कळेल. इथल्या जुन्या घरांच्या न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण चढवलेलं असायचं, आपल्याकडच्या बंबासारखंच. ते काही शोभेसाठी नव्हतं.

मला म्हापशाजवळ येऊन नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी ऐन चवथीत गीझर बंद पडला. (गणेश चतुर्थीला इथे चवथ म्हणतात, आणि त्या आठवड्यात सगळा गोवा आपापल्या मूळ घरी गेलेला असतो.) फोनवर शोधून जो पहिला नंबर सापडला त्याला बोलावलं. गृहस्थ पंधरा मिनिटांत 'कार्ड गेलंय' (म्हणजे आतला सर्किट बोर्ड) म्हणाले, काहीतरी खुडबुड केली, भरभक्कम पैसे घेतले आणि गेले. सहाव्या दिवशी गीझर पुन्हा थंड. शेजारच्या काकांनी त्यांचा नेहमीचा माणूस पाठवला. त्याने झाकण उघडून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "यात कार्ड कुठे दिसतं तुम्हाला?" त्या साध्या गीझरमध्ये पाणी तापवणारी एक कॉइल, पाणी तापलं की वीज थांबवणारा एक थर्मोस्टॅट आणि फारच तापलं तर वीज तोडणारा एक कटआउट, एवढंच होतं. कार्ड नावाची वस्तूच नव्हती. बिघाड होता प्लगच्या आत, वायर सैल होऊन जळाली होती.

तो माणूस आजही माझ्याकडे येतो. तसा माणूस कसा गाठायचा, ते क्रमाने सांगतो.

भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला फोन

इथे नव्याने येणारे बहुतेक जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. मालक कधी मुंबईत, कधी लिस्बनला. राहायला जाल त्या दिवशीच गीझरच्या लेबलचा, प्लगचा आणि खालच्या पाइपांचा फोटो काढून मालकाला पाठवा, आणि दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार ते तेव्हाच लिहून घ्या. मालकाचा ठरलेला मेकॅनिक असला तर त्यालाच बोलावा. त्याने ते घर आधी पाहिलेलं असतं आणि काम बिघडलं तर जाब मालक विचारतो, तुम्हाला वाद घालावा लागत नाही.

बिघाड काय आहे ते स्वतः बघा

गीझर उघडायचा नाही, फक्त निरीक्षण करायचं. मेकॅनिकला 'पाणी तापत नाही' एवढंच सांगितलंत तर तो वाटेल ते निदान करू शकतो. नेमकं सांगितलंत तर त्याला तुमच्या माहितीपासून सुरुवात करावी लागते.

घरगुती गीझर बहुधा २००० वॅटचा असतो, म्हणजे तो जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेंशन बोर्डावर किंवा छोट्या पिनवर तो चालत असेल तर बिघाड कुठे आहे हे निम्मं तिथेच कळलं. प्लग हाताला गरम लागतो का, सॉकेटवर काळपट डाग आहे का, ते बघा. पण आधी एमसीबी (त्या लाइनचा, जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाडा.

आता घड्याळ लावा. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या कॉइलला १७-१८ मिनिटं लागतात. २५ लिटरला अर्धा तास. गीझरवरचा दिवा पाच मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमट, तर संशय थर्मोस्टॅटवर. दिवा बराच वेळ जळतो आणि पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, तर लगेच 'कॉइल गेली' असं समजू नका. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं तर कॉइल जेमतेम ६१ टक्के काम करते, आणि १७ मिनिटांचे २८ होतात. संध्याकाळी सगळ्या वाड्यावरचे पंप आणि एसी एकदम चालू झाले की दिवे मंद होतात, तसं तुमच्याकडे होत असेल तर तक्रार वीज खात्याकडे करायची. इथे वीजपुरवठा सरकारी खात्याचा आहे, महावितरण शोधत बसू नका. नवी कॉइल घालून व्होल्टेज वाढत नाही.

गीझर लावताक्षणी ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर कॉइलमधून किंवा वायरिंगमधून करंट गळतोय. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. 'ईएलसीबी बायपास करून देतो, मग त्रास नाही' असं म्हणणारे मेकॅनिक भेटतील. त्याला त्याच पावली परत पाठवा. ३० मिलिअँपिअरचं ते यंत्र न्हाणीघरात तुमचा जीव वाचवायला बसवलेलं असतं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासेपर्यंत बादलीने आंघोळ करा.

गीझर तापताना खालच्या सेफ्टी वॉल्व्हमधून चार थेंब पडणं चालतं, पाणी तापून फुगतं ते तिथून बाहेर येतं. सतत धार लागली तर वॉल्व्ह तरी गेलाय किंवा गच्चीवरच्या टाकीचा दाब तरी जास्त आहे. पण पाणी गीझरच्या अंगातूनच, वेल्डिंगच्या सांध्यातून झिरपत असेल तर टाकी फुटली. तिला एम-सील लावून देणाऱ्यावर पैसे घालवू नका, नवा गीझर घ्या.

वॉरंटी कार्ड काढा, पण नंबर कार्डावरचाच

बऱ्याच कंपन्या टाकीवर वेगळी, कॉइलवर वेगळी आणि बाकी गीझरवर वेगळी वॉरंटी देतात. टाकीची मुदत सगळ्यांत लांब असते. म्हणून तीन वर्षांचा गीझर 'वॉरंटीबाहेर' म्हणून सोडून देऊ नका. कार्ड नीट वाचा.

कंपनीचा सेवा क्रमांक मात्र कार्डावरून किंवा गीझरवरच्या स्टिकरवरून घ्यायचा, फोनमध्ये शोधून नाही. तिथे कंपनीच्या नावाने दुसऱ्यांनीच टाकलेले नंबर पुष्कळ असतात. समोरचा माणूस एखादं ॲप उतरवायला किंवा 'नोंदणीचे दहा रुपये' पाठवायला सांगू लागला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवा.

माणूस कुठे सापडतो

इथे घाई करू नका, आणि हे काम गीझर नीट चालू असतानाच करा.

माझ्या मते सगळ्यांत खात्रीची जागा म्हणजे सुटे भाग विकणारं इलेक्ट्रिकचं दुकान. गीझर विकणाऱ्या शोरूममध्ये नको, कॉइल, थर्मोस्टॅट, गॅसकेट (झाकणाखालची रबरी चकती) सुटे मिळतात अशा लहान दुकानात जा. म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली, सगळ्या बाजारपेठांत अशी दुकानं आहेत. तिथे 'चांगला मेकॅनिक कोण?' असं विचारलंत तर दुकानदार आपल्या मेहुण्याचा नंबर देईल. त्याऐवजी विचारा, "गीझरचे पार्ट तुमच्याकडून दर आठवड्याला कोण नेतं?" जो माणूस नियमित गॅसकेट विकत घेतो तो खरोखर गीझर उघडतो आणि बंद करताना नवं गॅसकेट घालतो. एवढ्यात त्याची अर्धी ओळख झाली.

दुसरी जागा म्हणजे छोटी गेस्ट हाउस चालवणारी घरं. आठ खोल्या म्हणजे आठ गीझर, आणि पाहुण्याला गार पाणी मिळालं की रिव्ह्यूत तारे कमी. अशा मालकिणीकडे वाईट मेकॅनिक दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. मात्र हेच मेकॅनिक ऑक्टोबर ते मार्च कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत अडकलेले असतात. नाताळच्या आठवड्यात त्यांनी फोन उचलला तरी उपकार समजायचे.

सरकारी आयटीआय म्हापसा, डिचोली, फर्मागुढी इथे आहेत. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असतो. तिथल्या निदेशकांना कोणता मुलगा कामात नेटका होता ते नेमकं ठाऊक असतं, आणि हातात काम हवं असलेले मुलगेही असतात. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस प्रामाणिक असतो असं मी म्हणत नाही, पण मेगर, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, कशाशी खातात हे तरी त्याला माहीत असतं. घरात नवी वायर ओढायची, डीबी (सगळे एमसीबी असतात ती पेटी) बदलायची असं काम निघालं तर मात्र परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदारच हवा.

सोसायटीचा वॉचमन नंबर देतो, तो शेवटी वापरा. आणि सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराला विचारायला लाजू नका. तो पाव घेऊन दारोदार जातो, कोणाच्या घरी कोण येतं-जातं हे पंचायतीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. मला प्लंबर असाच मिळाला.

माणूस शक्यतो आपल्याच तालुक्यातला शोधा. गोवा नकाशावर छोटा दिसतो, पण मांडवी किंवा जुवारीचा पूल ओलांडून एका वॉल्व्हसाठी कोणी येत नाही. दिवाडी-चोडणला राहत असाल तर फेरीबोट धरूनच वेळ ठरवा, किंवा बेटावरचाच माणूस बघा.

फोनवर काय बोलायचं

आधी व्हॉट्सॲपवर लेबलचा फोटो, मग लक्षण एका वाक्यात. 'ईएलसीबी लगेच पडतो' किंवा 'पाच मिनिटांत दिवा विझतो'. नंतर तीन प्रश्न. येण्याचे पैसे किती? काम तुम्हालाच दिलं तर ते बिलातून वजा होतात का? मीटर (मल्टिमीटर) घेऊन येणार ना? तिसऱ्या प्रश्नावर जो हसेल किंवा 'मीटर कशाला, टेस्टर आहे ना' म्हणेल, त्याच्याशी गोड बोलून दुसरा नंबर लावा.

मराठीत बोललात तर कोणाला अडत नाही. कोकणीत उत्तर आलं तर 'फाल्यां' म्हणजे उद्या, एवढं लक्षात ठेवा. पण नुसत्या 'फाल्यां'वर थांबू नका, 'सकाळीं काय दनपारां?' (सकाळी की दुपारी?) असं विचारून वेळ पक्की करा. दुपारी एक ते साडेतीन-चार बाजारातली पुष्कळ दुकानं बंद असतात, म्हणजे साडेबाराला आलेल्या मेकॅनिकला पार्ट लागला की काम चारनंतर. सकाळी नवाची वेळ मागा. रविवारची अपेक्षा धरू नका.

पहिली दहा मिनिटं

चांगला मेकॅनिक आला की आधी तुम्हाला प्रश्न विचारतो. मग एमसीबी बंद करतो, आणि बंद केला तरी टेस्टर लावून खात्री करतो. स्क्रूड्रायव्हर हातात धरूनच न्हाणीघरात शिरणारा मला आवडत नाही.

मग तो सॉकेटवर मीटर लावतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवं, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच. दुसरा आकडा फारच कमी आला तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. जांभा दगडाची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते आणि करंट नीट खेचत नाही. म्हणून जुन्या घरांतले लोक एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. इथल्या माणसाने ही गोष्ट तुम्ही न विचारता काढली तर तो माणूस धरून ठेवा.

कॉइल गेली असं तो म्हणाला तर मीटरवर दाखवायला सांगा. २००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो, ३००० वॅटच्या कॉइलचा १७-१८. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलीय. आकडा बरोबर आला पण कॉइल आणि टाकीच्या धातूमध्येही काही ओहम दिसले तर करंट गळतोय, तेव्हाही ती बदलायची. आकडा बरोबर आहे, गळतीही नाही, तरी 'बदलून टाकू, जुनी झालीय' म्हणाला तर नाही म्हणा.

'क्षार साचलेत' हे सगळ्यांत लाडकं निदान. गोव्यात ते जरा तपासून घ्यावं. नळाला येणारं पाणी ओपा, अस्नोडा, साळावली इथून येतं, म्हणजे नदी-धरणाचं. आमच्याकडे त्याने कॉइलवर कधी चुनखडीचं कवच चढलेलं मी पाहिलं नाही. विहिरीच्या पाण्याची गोष्ट वेगळी. जांभ्यातल्या पाण्यात लोह असतं, ते बहुधा किंचित आम्लही असतं, आणि खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात खारट होतात. अशा पाण्याने थर कमी आणि गंज जास्त. तेव्हा साचलेलं काय ते डोळ्यांनी बघा. पांढरी खपली निघाली तर क्षार, तांबूस चिखल निघाला तर गंज. गंजासाठी बघायची वस्तू कॉइल नाही, मॅग्नेशियमचा रॉड. टाकीऐवजी तो झिजावा म्हणूनच तो आत बसवलेला असतो. काडीसारखा बारीक झाला असेल तर तोच बदलायचा. विहिरीवर चालणाऱ्या गीझरचा रॉड वर्षातून एकदा बघावा. कित्येक घरांत तो दहा वर्षांत कोणी पाहिलेला नसतो आणि मग टाकी फुटली म्हणून कंपनीला शिव्या.

शेवटी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. झाकण बंद करताना नवं गॅसकेट घातलं का, आणि वीज चालू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येईपर्यंत टाकी भरली का. रिकाम्या टाकीत वीज सोडली तर नवीकोरी कॉइलसुद्धा दोन मिनिटांत जळते.

पैशाचं

पार्टची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, कागदावर. पार्टचा भाव त्याच सुट्या भागांच्या दुकानात फोन करून विचारता येतो, आणि मेकॅनिकने त्यावर थोडं चढवलं तर चालू द्या. दुकानात जाण्या-येण्याचं पेट्रोल त्याचंच जळतं. जुना भाग मात्र मागून घ्या. पार्टवर आयएसआय छाप असेल तर बीआयएस केअर या ॲपवर परवाना क्रमांक खरा की खोटा ते बघता येतं. आगाऊ रक्कम द्यायचीच तर पार्टपुरती. रोख दिलेत तरी तारीख, काम आणि त्याचा नंबर असलेली चिठ्ठी घ्या. नंतर तोंडं फिरली आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करायची वेळ आली, तर चिठ्ठी आणि फोटोंशिवाय तुमच्या हातात काही नसतं.

गॅस आणि सोलर

गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर मेकॅनिक शोधायच्या आधी तो बंद करा. जळताना तो खोलीतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, डोकं जड झालं की ताबडतोब बाहेर. हा गीझर कंपनीच्याच माणसाकडून उघडून घ्या, आणि गीझर आणि सिलिंडर खोलीबाहेर हलवता येतील का ते त्याच वेळी विचारा.

सोलरला वेगळा माणूस लागतो, वीज कमी आणि प्लंबिंग जास्त कळणारा. काचेच्या नळ्यांवर आमच्या वाड्यात नारळ पडले आहेत, माकडंही नाचली आहेत. नळी एकटी बदलता येते, सगळा संच बदलायला लावणाऱ्याला विचारा का म्हणून. समुद्राजवळ स्टँडला गंज लवकर चढतो. जून ते सप्टेंबर पाणी कोमट येणं हा बिघाड नाही, ढग आहेत. त्या महिन्यांसाठी टाकीत बहुधा विजेची कॉइल असते, ती चालते की नाही हे मेमध्येच तपासून ठेवा.

मोठं काम पडण्याआधी छोटं काम द्या

पहिल्यांदाच बोलावलेल्या माणसाला रॉड बघायला सांगा, किंवा सॉकेट बदलायला. अशा किरकोळ कामाला तो वेळेवर येतो का, झाडून-पुसून जातो का, 'यात काही बिघडलेलं नाही' असं म्हणायची त्याची तयारी आहे का, हे सगळं थोड्या पैशांत कळतं. माझ्या मेकॅनिकने दुसऱ्या खेपेला फक्त येण्याचे पैसे घेतले होते. त्या दिवशी बिघाड नव्हताच, बायकोने गीझरची कळ चुकून सगळ्यांत खाली फिरवली होती.

असा माणूस मिळाला की त्याचा नंबर, आणि रॉड कधी बदलला ती तारीख, डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. फोन हरवला तरी दार हरवत नाही. मेच्या शेवटी, पहिली वीज कडकडायच्या आत, त्याला एकदा बोलवा. आणि चवथीला तो कोणत्या गावी जातो, कधी परततो, हेही तेव्हाच विचारून घ्या.